शेजारी मोठा प्रकल्प आला की जुन्या घराचं काय होतं? (धायरी, सिंहगड रस्ता)

मुठाकाठची
नमस्कार मंडळी. धायरी फाट्याच्या आत आईबाबांचा फ्लॅट आहे. तीन मजली इमारत, बारा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. बाबांनी निवृत्तीच्या पैशातून घेतला तेव्हा समोर ज्वारीचं रान होतं. आता त्याच रानावर पत्रे ठोकलेत आणि मोठा फलक लागलाय. पुढे दुकानं, त्यावर ऑफिसं, मागे सहा टॉवर, एक शाळा आणि छोटं इस्पितळ, सगळं एकाच ठिकाणी. जागा अठरा-वीस एकर असावी.

तेव्हापासून दलालांनी बेल वाजवून हैराण केलंय. एक म्हणतो, "आत्ताच विका, एकदा नवीन फ्लॅट बाजारात आले की तुमच्या जुन्याकडे कोणी बघणार नाही." दुसरा सांगतो, "थांबा, मॉल झाला की भाव दुप्पट." आई म्हणते, मला कुठेच जायचं नाही. बाबा गप्प आहेत, पण रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसतात.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एक, असा प्रकल्प आला की शेजारच्या जुन्या घरांची किंमत खरंच वाढते का? आणि दुसरी, जी मला जास्त महत्त्वाची वाटते: तिथे राहणं कसं बदलतं? मगरपट्टा, अमनोरा, नांदेड सिटी, हिंजवडी, घोडबंदर, डोंबिवली, कुठेही ज्यांनी हे भिंतीपलीकडून पाहिलंय त्यांनी लिहा. प्रकल्पाच्या आत राहणाऱ्यांनीही लिहा, पण कृपया माहितीपुस्तिकेतलं नको.

दणकट
विकू नका. जमीन कोणी नव्याने बनवत नाही.

हडपसरकर
दणकट, जमीन बनवत नाहीत हे खरं, पण तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमालकाकडे जमीन असते का? त्यावर पुढे कोणीतरी लिहीलच.

मी मगरपट्ट्याच्या भिंतीपलीकडे, साडेसतरानळीच्या बाजूला वाढलो. मगरपट्टा सिटीचं काम २००० साली सुरू झालं. तिथे सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून जास्त एकर जमीन एकत्र केली, बिल्डरला विकून न टाकता स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भागीदार झाले. पुढे सिंहगड रस्त्यावर नांदेड सिटी त्याच वाटेने झाली, जवळपास सातशे एकर. म्हणजे ताई, तुमच्या शेजारीच त्याचं उदाहरण आहे.

आता भिंतीबाहेर काय झालं ते सांगतो. आयटीची ऑफिसं सुरू झाली आणि आमच्या आळीत पहिल्यांदा बदलली ती भाड्याची खोली. ज्यांच्याकडे गोठा होता त्यांनी गोठ्यावर दोन मजले चढवले. एकेका खोलीत तीन-तीन पोरं. घराची विक्री किंमत हलायला बराच काळ गेला, भाडं मात्र लगेच हललं. आमच्या घरात त्याच भाड्यावर बहिणीचं इंजिनिअरिंग झालं, हे मी कधीच विसरणार नाही.

पुढे २०११ ला अमनोरा मॉल आला, मग जवळजवळ समोरच सीझन्स. तिथून पुढे आमचा शनिवार-रविवार गेला. खराडी बायपासला गाड्यांची रांग लागली की लोक आमच्या गल्लीतून वाट काढतात. आजी ओट्यावर बसायची, तो ओटा रस्त्याला गेला. विक्रीचे भाव आता नक्कीच चढलेत, पण ज्यांची जागा मुख्य रस्त्याला लागून आहे त्यांचे आणि आतल्या बोळातल्यांचे यात इतका फरक आहे की एकाच गावातली घरं वाटत नाहीत.

आसावरी_के
मी आत राहणाऱ्यांपैकी. कुठल्या टाउनशिपमध्ये ते सांगत नाही, पुण्याच्या पूर्वेला. माहितीपुस्तिकेतलं काही लिहिणार नाही, वचन.

माझं ऑफिस घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मुलगी शाळेतून एकटी येते. सासऱ्यांना रात्री दोन वाजता छातीत दुखलं तेव्हा गाडी काढावी लागली नाही, चाकाच्या खुर्चीवरून इस्पितळात नेलं. आधी मी कोथरूडहून खराडीला जायचे आणि रोजचे तीन तास रस्त्यावर जायचे. त्या तीन तासांत मी आता स्वयंपाक करते, वाचते, मुलीचा अभ्यास घेते. राहणं, काम, दुकान, दवाखाना एका जागी असणं ही चैन नाही. आपली जुनी पेठ तशीच होती ना? खाली दुकान, वर बिऱ्हाड, कोपऱ्यावर वैद्य. ते आपण मोडलं आणि माणसांना चाळीस मिनिटं लांब झोपायला पाठवलं.

म्हणून मुठाकाठची, तुझ्या आईबाबांच्या वयाला समोर दवाखाना आणि औषधाचं दुकान असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे याचा विचार नक्की कर.

नकाशेवाला
व्यवसायाने मी मूल्यांकन करतो, तेव्हा थोडं लांबण लावतो.

आधी एक खुलासा. अठरा-वीस एकरावर जे येतंय ती सरकारी धोरणातली एकात्मिक नगर वसाहत नव्हे. राज्याच्या त्या धोरणात किमान ४० हेक्टर, म्हणजे शंभर एकर सलग जमीन लागते, आणि पाणी, सांडपाणी, शाळा, दवाखाना यांची जबाबदारी प्रकल्पावर येते. छोट्या मिश्र वापराच्या प्रकल्पावर तेवढं बंधन नसतं. त्याचं पाणी आणि त्याची वाहतूक तुमच्याच पाइपातून आणि तुमच्याच रस्त्यावरून जाणार, असं धरून चाला.

किमतीबद्दल. तुमच्या फ्लॅटची किंमत दोन गोष्टींची बनलेली असते, बांधकाम आणि त्याखालच्या जमिनीतला वाटा. बांधकाम दर वर्षी जुनं होतं. शेजारी नवीन टॉवर आला की लिफ्ट, पार्किंग, जनरेटर असलेलं घर शोधणारा ग्राहक तिकडेच जाणार. त्यामुळे जिना चढून जायच्या फ्लॅटचा भाव प्रकल्प आल्यावर काही काळ अडकतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय. वाढतो तो जमिनीचा भाव. म्हणून बंगला, रो-हाउस, रस्त्यालगतचा गाळा यांना फायदा आधी पोहोचतो. तुम्हाला तो पुनर्विकासातूनच मिळू शकतो.

आणि पुनर्विकासाचं गणित मॉलवर नसतं, तुमच्या फाटकासमोरच्या रस्त्यावर असतं. डिसेंबर २०२० च्या एकत्रित नियमावलीप्रमाणे रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर मूळ १.१० एफएसआयवर (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं तो आकडा) प्रीमियम, म्हणजे पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम, किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, काहीच चढवता येत नाही. रस्ता ९ मीटर झाला की एकूण २.०० पर्यंत जाता येतं, १२ मीटरला २.२५. जुन्या इमारतींसाठी काही जादा सवलती आहेत, पण पाया हाच. प्रकल्पामुळे तुमचा बोळ रुंद होणार असेल तर तुमचं नशीब उघडलं. होणार नसेल तर समोर विमानतळ आला तरी बिल्डर तुमच्याकडे येणार नाही.

चार प्रश्न विचारतो, उत्तरं द्या: रस्ता किती मीटरचा? विकास आराखड्यात किती दाखवलाय? इमारत बांधली तेव्हा जागा कलेक्टर एनए (कलेक्टरच्या आदेशाने बिगरशेती) होती की नुसती ग्रामपंचायतीची परवानगी? आणि सोसायटीच्या नावावर जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचं हस्तांतरण, झालंय का?

दणकट
नकाशेवाला, मी एका ओळीत सांगितलं तेच तुम्ही पाच परिच्छेदांत सांगितलंत. जमीन धरा!

नकाशेवाला
दणकट, फक्त ती धरायला आधी नावावर हवी. :)

डोंगरउतार
किमतीचं तज्ज्ञांनी सांगितलं. मी सांगते ते काम चालू असतानाच्या दिवसांबद्दल, कारण ते कोणी सांगत नाही. आणि काम चालू असणं म्हणजे काही महिने नव्हे, टप्प्याटप्प्याने चालणारी वर्षं.

आमच्याकडे बावधनच्या बाजूला तीन मजली तळघर खोदलं. पुण्याखाली काळा पाषाण. ब्रेकर दिवसभर चालतो, ताटातल्या वाटीला कंप जाणवतो. नंतर त्या खड्ड्यात झऱ्याचं पाणी लागलं आणि पंप लावून ते दिवसरात्र नाल्यात सोडलं. त्या उन्हाळ्यात आमची बोअर पहिल्यांदा आटली. चाळीस घरांची सोसायटी, अचानक टँकरवर. दोन्हींचा संबंध आहे असं लेखी द्यायला कोणी तयार नाही, पण पाणी खडकातल्या भेगांतून वाहतं हे शाळेतल्या मुलालाही कळतं.

दुसरं, सावली. टॉवर उभे राहिले आणि आमच्या गच्चीवरचे सोलर बंब हिवाळ्यात तापेनासे झाले. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडून खालून जातो, त्यामुळे दक्षिणेला उंच इमारत असेल तर सकाळ अंधारातच. काकूंनी वाळवणं बंद केली. प्रकल्प तुमच्या दक्षिणेला आहे का ते आधी बघा.

मुठाकाठची, एक काम आजच करा. इमारतीच्या भिंतींचे, तड्यांचे, बोअरच्या पाणीपातळीचे तारखेसह फोटो काढून सोसायटीच्या ठरावात नोंदवून ठेवा. नंतर तडा जुना की नवा हा वाद घालायला काहीतरी हातात लागतं.

पानशेतचा_पोरगा
पाण्याचा विषय निघालाच आहे तर. आपला पट्टा म्हणजे धरण उशाला आणि कोरड घशाला. खडकवासला हाकेच्या अंतरावर, पण धायरी-नऱ्ह्यात टँकरशिवाय उन्हाळा जात नाही. धायरी महापालिकेत पूर्ण आली २०१७ च्या ११ गावांबरोबर, नांदेड-किरकटवाडी २०२१ च्या २३ गावांबरोबर. गावं आली, नळ मागे राहिले.

जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे (हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण सापडले तेव्हा नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला हीच नावं रोज बातम्यांत होती आणि सगळ्यांचं बोट पाण्याकडे होतं. माझ्या ओळखीतल्या एका तरुण मुलाला पुन्हा चालायला शिकावं लागलं. तेव्हा कोणी चौरस फुटाचा भाव विचारत नव्हतं.

म्हणून माझं ठाम मत आहे: नवीन प्रकल्पाला परवानगी देताना आधीच्या वस्तीला शुद्ध पाणी मिळतंय का हे पाहिलंच पाहिजे. जुन्या लोकांना गाळलेलं पाणी नाही आणि नव्या टॉवरात पोहण्याचे तलाव, हे चालणार नाही.

रविवारची_मिसळ
आणि रस्ता! शनिवारी सिंहगडावर जाणारे, रविवारी खडकवासल्याला कणीस खाणारे, त्यात आता मॉलला येणारे. धायरी फाट्यावर पोरगी बघायला निघालेला मुलगा पोहोचेपर्यंत तिचं लग्न होईल.

पानशेतचा_पोरगा
मिसळ, आमच्याकडे वऱ्हाड आदल्या रात्रीच मुक्कामाला येतं. पण राजाराम पुलापासून फनटाइमपर्यंत उड्डाणपूल झालाय, तेवढा श्वास घेता येतो. पूल संपला की फाट्याकडे पुन्हा तेच. खडकवासला–स्वारगेट–हडपसर–खराडी मेट्रोलाही मंजुरी मिळालीये. ती येईल तेव्हा फरक पडेल, पण त्याआधी खांब उभे करायचे दिवस काढायचेत.

हेमंत_हर्नडन
मी अमेरिकेत व्हर्जिनियात राहतो, वॉशिंग्टनच्या उपनगरात. शेजारी रेस्टन आहे. मिश्र वापराच्या उपनगराचं इथलं हे जुनं उदाहरण, १९६४ मध्ये रॉबर्ट सायमन नावाच्या माणसाने वसवलं. तळ्याकाठी दुकानं, त्यावर घरं, झाडीतून पायवाटा. पुढे १९९० मध्ये टाउन सेंटर झालं, २०१४ ला मेट्रोची सिल्व्हर लाइन रेस्टनच्या पूर्व टोकापर्यंत आली आणि २०२२ ला टाउन सेंटर ओलांडून डलेस विमानतळाच्या पुढे गेली.

आमच्या बाजूच्या जुन्या घरांची मागणी स्टेशनमुळे वाढली, हे डोळ्यांनी पाहिलंय. चालत स्टेशनला जाता येणारं जुनं, छोटं घरही लोक आवडीने घेतात. पण इथे घराचं मूल्य काउंटी दर वर्षी १ जानेवारीला बाजारभावाने ठरवते आणि त्यावर कर लावते. म्हणजे घर विकायचं नसलं तरी भाव वाढला की बिल वाढतं. शेजारी एक निवृत्त जोडपं होतं, घर फिटलेलं, पण कराचा हप्ता पेन्शनला झेपेना म्हणून दुसऱ्या राज्यात गेलं. तिथेही आईबाबांना ही भीती आहे का?

नकाशेवाला
हेमंत, पुण्यात तसं होत नाही. इथला मिळकतकर वार्षिक करपात्र भाड्यावर असतो, विक्रीच्या भावावर नाही, आणि स्वतः राहत असाल तर ४० टक्के सवलत आहे. त्यामुळे समोर मॉल झाला म्हणून आईबाबांचा कर उद्या उडी मारणार नाही.

उडी मारतो तो रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेला जागेचा दर. परिसराचे व्यवहार वरच्या भावाने होऊ लागले की त्या विभागाचा सरकारी दर चढतो. खरेदीदाराला मुद्रांक शुल्क त्यावर, पुण्यात साधारण ७ टक्के. आणि विकणाऱ्यालाही लागू पडतं: सरकारी दर तुमच्या विक्री किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वर असेल तर प्राप्तिकर खातं तो सरकारी दरच तुमची किंमत धरतं. जुन्या, लिफ्ट नसलेल्या फ्लॅटवाल्यांना नेमका हा फटका बसतो. शेजारच्या टॉवरमुळे दर वाढलेला, आणि ग्राहक तेवढं द्यायला तयार नाही.

भाडेकरू_निरंतर
इथे सगळे मालक बोलतायत. मी भाड्याने राहतो, सिंहगड रस्त्यावरच. किंमत वाढली हे तुमच्यासाठी शुभवर्तमान, माझ्यासाठी घर बदलायची नोटीस.

मागच्या घराजवळ ऑफिसांची इमारत सुरू झाली आणि अकरा महिन्यांचा करार संपला तसं मालकांनी नवीन आकडा सांगितला. माणूस चांगला होता, पण त्यांनाही बाजारभाव दिसत होता. आम्ही दोन किलोमीटर आत सरकलो. मुलाची शाळा तीच ठेवली म्हणून आता रिक्षाचा खर्च वाढला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी तर पार नऱ्ह्याच्या पलीकडे गेल्या. त्या टॉवरमध्येच कामं मिळतात आणि त्याच टॉवरमुळे त्यांना जवळ राहता येत नाही.

आसावरी, तुमची जुन्या पेठेची गोष्ट मला आवडली. पण पेठेत वैद्यही राहायचा आणि पखालवालाही. तुमच्या फाटकाच्या आत तुमच्याकडे भांडी घासणारी बाई राहू शकते का?

आसावरी_के
निरंतर, नाही राहू शकत. आणि हा प्रश्न मला बोचतो, म्हणून टाळत नाही. आमच्या मावशी मांजरीहून दोन बस बदलून येतात. लहान घरं प्रकल्पातच बांधायला लावली पाहिजेत, आणि ती एका कोपऱ्यात भिंत घालून नव्हे, हे माझंही मत आहे. नियमांत छोट्या सदनिकांची तरतूद आहे, पण त्या पूर्ण होतात का, कोणाला मिळतात, याच्यावर आपण नागरिक म्हणून लक्ष ठेवत नाही.

फक्त एवढंच म्हणेन की याचा राग मिश्र वापरावर काढू नका. नुसते राहण्याचे टॉवर आले असते तर मावशींना तोच त्रास झाला असता आणि रस्त्यावर गाड्या जास्त आल्या असत्या.

हडपसरकर
आसावरी म्हणतात ते पटतं, पण अर्धंच. ऑफिसं आत आली म्हणून आतले लोक आत काम करतात असं थोडंच होतं? मगरपट्ट्याच्या ऑफिसात चिंचवडचा माणूस येतो आणि मगरपट्ट्यातला हिंजवडीला जातो. नोकरी दर दोन-तीन वर्षांनी बदलते, घर बदलत नाही.

आसावरी_के
म्हणूनच बस हवी! मिश्र वापर आणि सार्वजनिक वाहतूक हे एकत्रच लागतं.

पिठाची_गिरणी
थोडं विषयांतर, पण माझ्या जिवाचा विषय आहे. आमची गिरणी होती, वारज्यात, वडिलांपासून. शेजारी मोठं संकुल झाल्यावर गाळ्याच्या मालकाने तिथे मोबाइलचं दुकान आणलं. त्यांचं चुकलं असं म्हणणार नाही, भाडं कितीतरी जास्त मिळालं. पण तेव्हापासून त्या गल्लीत दळण मिळत नाही. संकुलातल्या दुकानांची भाडी गिरणी, शिंपी, चप्पल शिवणारा, इस्त्रीवाला यांना परवडतच नाहीत. तिथे कॉफी आणि दातांचा दवाखाना येतो. कागदावर सगळं "चालत जाण्याच्या अंतरावर" असतं, पण फाटलेली पिशवी शिवायला रिक्षा करून जावं लागतं.

डोंगरउतार
गिरणी, अगदी खरं. आमच्याकडे ज्वारी दळून देणारं आता कोणी नाही. घरगुती चक्की घेतली, पण भाकरीला ते पीठ येत नाही.

रविवारची_मिसळ
ज्वारी लगेच दळून लगेच थापायची असेल तर वडगावात अजून एक जुनी गिरणी चालू आहे, कालव्याच्या बाजूला. सकाळी लवकर जा, मिरची दळायच्या आत.

पिठाची_गिरणी
मिसळ, माझी आई हे वाचून हसली. मिरचीनंतर दळलेली ज्वारी म्हणजे भाकरी खाताना पूर्ण घराला ठसका.

खाडीपलीकडे
डोंबिवलीहून. आमच्याकडे कल्याण–शीळ रस्त्यावर शहराएवढी वसाहत उभी राहिली. आत रुंद रस्ते, झाडं, मैदानं, हे कौतुकाने सांगतो, कारण माझी बहीण तिथे राहते आणि तिची मुलं सायकल चालवतात. पूर्वेच्या आमच्या गल्लीत सायकल उभी करायला जागा नाही. पण आतले आणि बाहेरचे सगळे शेवटी एकाच रस्त्याला येतात. काटई नाक्यावर गाडी अडकली की आतल्या रुंद रस्त्याचा उपयोग नाही.

जुन्या डोंबिवलीतल्या घरांचं म्हणाल तर स्टेशनजवळचा भाव वसाहतीमुळे पडला नाही, कारण लोकल पकडणारा माणूस स्टेशन सोडत नाही. मधल्या पट्ट्यातली जुनी घरं मात्र अडकली. ना स्टेशन जवळ, ना नवीन सोयी. मुठाकाठची, तुमचं घर लोक कोणत्या कारणासाठी घेतात हे ओळखा. शाळा? कालव्याकाठची हवा? नातेवाईक जवळ? ते कारण प्रकल्पानंतर टिकणार असेल तर भाव टिकेल.

मुठाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. आईला सगळं वाचून दाखवलं. डोंगरउतार, प्रकल्प दक्षिणेलाच आहे आणि आमच्याही गच्चीवर सोलर बंब आहे. फोटो काढायला भावाला सांगितलंय.

नकाशेवाला, तुमचे प्रश्न. रस्ता टेपने मोजला तर सहा मीटरच्या आसपास. आराखड्यात किती ते बघायचंय. जागा कलेक्टर एनए आहे, बाबांच्या फाइलमध्ये आदेश सापडला. कन्व्हेयन्स झालेलं नाही, मूळ जमीनमालकांची मुलं आता तीन ठिकाणी आहेत.

आणि एक विचारायचं राहिलं. विकलाच तर करात किती जाईल?

नकाशेवाला
एनए आदेश आहे ही फार चांगली बातमी, तो जपून ठेवा आणि दोन प्रती काढा. आमच्याकडे येणारी निम्मी भांडणं तो कागद नसल्यामुळे असतात.

महापालिकेतून झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा मागवा, रस्त्याची आखलेली रुंदी त्यात दिसते. सोबत महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) संकेतस्थळावर समोरच्या प्रकल्पाची नोंदणी उघडा. मंजूर नकाशा तिथे असतो. तुमच्या बाजूला गाड्यांचं प्रवेशद्वार आहे की मागची भिंत, रस्तारुंदीसाठी त्यांनी जागा सोडलीये का, दुकानं कोणत्या टप्प्यात, हे सगळं दलालापेक्षा तो नकाशा खरं सांगतो.

कन्व्हेयन्ससाठी मालकांच्या मुलांच्या मागे फिरू नका. फ्लॅटमालकांसाठीच्या मोफा कायद्यात मानीव अभिहस्तांतरण आहे, म्हणजे मालकांनी सही दिली नाही तरी कन्व्हेयन्स होतं; जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा. पुनर्विकासाला पुढे ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, पण जमिनीचा कागद नसेल तर संमतीचा उपयोग काय?

कराबद्दल: घर २३ जुलै २०२४ च्या आधीचं आहे, त्यामुळे नफ्यावर १२.५ टक्के सरळ, किंवा महागाई निर्देशांक लावून २० टक्के, यातला जो कमी तो. दोन वर्षांत दुसरं घर घेतलं तर त्या करात सूट. सनदी लेखापालांना फाइल दाखवाच.

ओसरीवरचे_काका
मी सत्तरीच्या पुढचा. कोथरूडला आमच्या बंगलीच्या दोन बाजूंनी असे प्रकल्प झाले. मुलांनी विकायला सांगितलं, आम्ही राहिलो. दोन अनुभव लिहितो.

आवाजाची सवय होते, धुळीची होत नाही. दोन वर्षं माझा खोकला गेला नाही. खिडक्यांना जाळी आणि जाड पडदे आधीच लावून घ्या, वयस्कर माणसांना काम चालू असताना पावसाळ्याआधी दोन महिने मुलांकडे न्या.

आणि दुसरा अनुभव वेगळा आहे. काम पूर्ण झाल्यावर त्या इमारतीत तरुण जोडपी आली. त्यांची मुलं संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊ लागली, कारण त्यांच्याकडे ओसरी नाही. बायको त्यांना परवचा शिकवते. आमच्या आळीतली म्हातारी माणसं एकेक करून गेली होती, दारं बंद होती. आता संध्याकाळी पुन्हा आवाज येतो. मुठाकाठची, तुझ्या आईला विचार की तिच्या इमारतीतल्या ओळखीच्या बाया अजून आहेत का. त्या असतील तर तिला हलवू नकोस. मी दहा तज्ज्ञांचं ऐकूनही हेच सांगेन.

भाडेकरू_निरंतर
काका, तुमच्या आळीत भाड्याने खोली आहे का? :)

ओसरीवरचे_काका
आहे रे, मागची. पण परवचा म्हणावी लागेल.

मुठाकाठची
आज भाग नकाशा मिळाला. आमचा बोळ आराखड्यात ९ मीटरचा दाखवलाय, आणि महारेरावरच्या नकाशात समोरच्यांनी त्यांच्या बाजूने रस्तारुंदीची पट्टी सोडली आहे. प्रवेशद्वार मात्र दोन आहेत, त्यातलं मालवाहू गाड्यांचं आमच्या तोंडासमोर. ते बाजूच्या १८ मीटर रस्त्याला न्यावं म्हणून सोसायटीतर्फे पत्र लिहितोय, शेजारच्या चार इमारतीही सही करणार आहेत. पाण्याची मागणी त्याच पत्रात घातली आहे, पानशेतचा_पोरगा म्हणाला ते मनात राहिलं.

विकायचं नाही असं घरात ठरलं, निदान कन्व्हेयन्स होईपर्यंत. आईच्या मैत्रिणी अजून सहा घरांत आहेत. बाबांनी कॅल्क्युलेटर ठेवून फाइल काढली आणि मूळ करारनामे गोळा करायला लागलेत. दोन बिऱ्हाडांचे करार सापडत नाहीत, त्याचं काय करायचं?

नकाशेवाला
नोंदणीकृत असतील तर दुय्यम निबंधक कार्यालयातून सूची दोन (नोंदणीचा उतारा) आणि प्रमाणित प्रत मिळते. वर्ष आणि नाव माहीत असलं की पुरे. जुनी कार्यालयं बदललीत, तेव्हा त्या वेळी धायरी कुठल्या हवेली कार्यालयात होती ते आधी विचारा. प्रवेशद्वाराचं पत्र लवकर द्या, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला महापालिकेची परवानगी) मिळाल्यावर काही हलत नाही. पत्र महापालिकेच्या बांधकाम खात्याला आणि वाहतूक पोलिसांना, दोघांनाही, आणि पोच घ्या.

पानशेतचा_पोरगा
पत्राचा मसुदा इथे टाका. आमच्या बाजूच्या तीन सोसायट्या त्याच पाइपवर आहेत, आम्हीही सही करतो.